मी मारलेली वाघीण

वाघ मारायला बंदूक लागत नाही. दहावी पास झालेली एक सून, भातावर फवारून उरलेलं औषध आणि सगळं गाव आपल्यालाच हसतंय असा पक्का समज, एवढ्यात काम होतं. मी केलं. वाघ नव्हे, वाघीण होती. पेपरवाले तिला बिबट्याची मादी म्हणाले असते. आमच्या गावात अंगावर पट्टे असोत की ठिपके, सगळे वाघच.

मारली मी आणि धरलं दुसऱ्याला. परवापरवापर्यंत गावात कुणालाही विचारलं असतं तर आमच्या गुराखीबाबांचंच नाव सांगितलं असतं, आणि ते जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. एवढी वर्षं मी गप्प बसले. मी गप्प बसू शकते यावर माझ्या घरात कुणाचा विश्वास बसणार नाही. सून म्हणते, आई झोपेतसुद्धा कुणाला तरी टोमणा मारतात. खरं आहे. पण या एका बाबतीत माझी जीभ टाळ्याला चिकटायची ती सुटायचीच नाही.

त्या वेळी मी कशी होते ते आधी सांगते, म्हणजे त्या वेळच्या मला शिव्या घालायला तुम्हाला सोपं जाईल.

मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली. वडील एका सिंधी शेठच्या कारखान्यात शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. शेजारपाजार अर्धा सिंधी, त्यामुळे भाजीवाल्याशीसुद्धा माझ्या तोंडून "वडी साईं, कुछ तो कम करो" असं आपोआप निघायचं. दहावी मी एका झटक्यात पास झाले आणि त्या एका झटक्यावर पुढची दहा वर्षं फुगून फिरले. लग्न होऊन बदलापूरच्या पलीकडे डोंगराखालच्या गावात आले तेव्हा ट्रंकेत सगळ्यात वर दहावीचं सर्टिफिकेट होतं, शालूच्याही वर. सासूबाईंनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "याचा काय करायचा गो? चूल पेटवायला घेऊ?"

नवरा अंबरनाथला कारखान्यात पाळीवर जायचा. घरी मी, सासूबाई, माझी लहान मुलगी आणि दोन शेळ्या. शेळ्या वडिलांनी पाठवलेल्या. बाळंतपणात मला दूध कमी आलं, म्हणून मुलीला शेळीचं द्यायचं ठरलं होतं. ती वाढलीही त्याच्यावर.

गावाची गुरं एक ठाकर म्हातारे चारायला न्यायचे. सगळं गाव त्यांना बाबा म्हणायचं, पण बाबा म्हणून पुढं अरेतुरेच करायचं. मीही करायचे, माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला. आता लिहिताना 'ते' लिहितेय, एवढीच माझी प्रगती.

डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर, वेशीला, वाघोबाचा दगड होता. त्याच्यावर कोरलेला वाघ इतका झिजलेला की मांजर म्हटलं तरी खपलं असतं. मी म्हटलंही होतं, सगळ्यांसमोर. त्या दगडाची देखभालही बाबाच करायचे. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या दिवशी ज्यांच्या घरी गुरं, त्या घरचा एकेक माणूस दगडापुढं उभा राहून वर्षभरात आपल्या गोठ्यात काय वाढलं, काय गेलं ते मोठ्यानं सांगायचा. "आमची गाय व्याली, कालवड झाली. एक बोकड वाघानं नेला." रडायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. नुसतं सांगायचं, खरं तेवढंच. मग नारळ फुटायचा, खीर वाटली जायची. बाबांचं म्हणणं असं, की माणसानं आपलं गेलेलं एकदा चारचौघांत बोलून टाकलं की मनात धरत नाही. मनात धरलं की तो वाघाच्या मागं लागतो आणि वाघ त्याच्या.

माझ्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी सासूबाई उभ्या राहिल्या. तिसऱ्या वर्षी त्यांचे पाय सुजले होते, म्हणून नारळ देऊन मला पाठवलं. मी तिथं जाऊन भाषण केलं. अहो खरंच भाषण केलं. म्हटलं, "दगडाला नारळ देण्यापेक्षा मी त्याची चटणी करीन. वाघाला खीर कळत नाही, कडी कळते. दारं लावत जा, झालं."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. बाबा मात्र हसले. "दार तर लावच, सूनबाय. नारळ पण दे. दोनी कर, तुझा काय जातो?"

मी नारळ परत घरी आणला. चटणीही केली. जरा खवट निघाला, तरी मी चवीनं खाल्ला.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी मी कॅम्पातल्या बहिणीला पत्र लिहीत बसले होते. गावातले लोक एका दगडाला कसे घाबरतात त्याचं चार पानी गमतीदार वर्णन. इतकं रंगात आलं होतं की दिवस मावळला तरी शेळ्या आत घ्यायचं सुचलं नाही. एक आपणहून खोप्यात जाऊन बसली. दुसरी बाहेर खुंट्याला बांधलेली. ती एकदाच ओरडली. मला वाटलं, भूक लागली असेल, हे वाक्य संपवून उठते. उठले तेव्हा खुंट्याला दोरी होती, आणि दोरीला काही नव्हतं.

आता पुढचं जे झालं त्याचं कारण वाघ नाही, हातपंप आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी हंडा घेऊन गेले तर तिथं बायकांचा मेळा जमलेला.

"काय गो, चटणी कशी झाली?"

"वाघानं नारळाची वाट नाय बघली. सरळ शेळीच नेली."

"शिकलेला हाय वाटतं वाघ."

"दहावी पास असंल!"

त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. चार दिवसांनी दुसऱ्या कुणाला हसल्या असत्या. पण मला ते कानात शिसं ओतल्यासारखं झालं. हंडा अर्धाच भरून मी घरी आले.

दुपारपर्यंत बाबांनी शेळी शोधून काढली. ओढ्याच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीत, निम्मी खाल्लेली. त्यांनी तिच्यावर हिरव्या फांद्या टाकल्या आणि आमच्या दारात येऊन सांगितलं, "उरलेली हाय ती उचलू नको. तो आज परत येईल, खाईल, डोंगरात जाईल. तू उचललीस तर भुकेला राहील आणि दुसरीला येईल. मी पाला टाकलाय, कावळं-कुत्री नाय यायची."

किती साधं होतं. जे गेलं ते गेलं, त्यानं त्याचं पोट भरू दे, म्हणजे पुढचं वाचेल. माझ्या दहावीच्या सगळ्या पुस्तकांत मिळून एवढं शहाणपण नव्हतं. मला त्यातलं एकच ऐकू आलं: तो आज परत येईल.

कॅम्पात घरात उंदीर झाले की आई पिठाच्या गोळ्यांत पावडर घालायची आणि गोळ्या कोपऱ्याकोपऱ्यात ठेवायचं काम माझं. वाघ म्हणजे मोठा उंदीर, हे माझं शास्त्र. सासूबाई जेवून आडव्या झाल्या, बाबा गुरं घेऊन पलीकडच्या माळावर गेले. वळचणीला खोचलेली औषधाची बाटली मी काढली, लाकडं आणायला चालल्यासारखी दोरी खांद्यावर टाकली आणि भर उन्हात निघाले. फांद्या उचलल्या, बाटली रिकामी केली, फांद्या जशा होत्या तशाच परत ठेवल्या. तीच वरची वर, तीच खालची खाली. टापटीप मला लहानपणापासून शिकवलेली. येताना बाटली दगडाजवळच्या झुडपात भिरकावली आणि चार काटक्या गोळा करून घरी आले. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशासाठी एवढी लांब गेलीस?"

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले, की लेकरासाठी केलं, लेकराच्या दुधावर आलं म्हणून केलं. साफ खोटं. लेक तोवर वरणभात हाणत होती. वर दुसरी शेळी दूध देतच होती. मी ते केलं त्या "दहावी पास असंल" साठी. माझ्या मनात चित्र होतं: वाघ मेलाय, सगळं गाव भोवती जमलंय, आणि हातपंपावर कुणाची हसायची छाती होत नाही. गंमत बघा, कुणी मारला हे कुणाला सांगायचं की नाही याचा विचारच मी केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी धुणं धुवायला गेलेल्या बायका ओरडत परत आल्या. मी सगळ्यांच्या पुढं पळत गेले.

ओढ्याच्या पाण्यात तोंड घालून ती पडली होती. मला वाटलं होतं वाघ म्हणजे रेड्याएवढा तरी असेल. ती एखाद्या बोकडापेक्षा थोडी लांब. अंग बारीक, पंजे तेवढे मोठे. जवळच दोन कावळे आणि एक कोल्हाही पडलेले. एक बाई पुढं वाकली आणि म्हणाली, "अगो, ओली हाय ही. दूध हाय हिला. पिल्लं असतील कुठंतरी."

अंगावर दूध नसल्याचं दुःख मी भोगलेलं. त्या वाघिणीला होतं. मी तिथंच उभी राहिले.

बाबा आले. तिच्याजवळ उकिडवे बसले. हात लावला नाही. मग उठून डोंगर चढायला लागले.

दिवेलागणीच्या आधी ते आमच्या दारात आले. घोंगडीत काहीतरी गुंडाळलेलं होतं, मांजरीच्या पिल्लाएवढं, डोळे उघडलेलं. दुसरं मेलेलं सापडलं म्हणाले.

"सूनबाय, शेळीचा दूध हाय का?"

मी आत जाऊन तांब्या भरून आणला. बाबांनी तांब्या हातात घेतला, आत बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"भांडा धुतलायस ना, पोरी?"

"धुतलंय की," मी म्हणाले.

एवढंच. पुढं आयुष्यभर मी हे वाक्य उलटंपालटं करून बघत आले. त्यांना कळलं होतं म्हणून विचारलं, की पिल्लाला शिळ्या दुधानं जुलाब लागतात म्हणून विचारलं? त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. ते कुणालाही असंच विचारत असतील. मी मात्र त्यांचा चेहरा बघितला नाही. मी तांब्याकडे बघत होते.

आणि मग सुरू झालं माझं कौतुक. सगळ्या गावात झालं, की जिची शेळी वाघानं खाल्ली तिनंच त्याच्या पिल्लाला दूध पाजलं. हातपंपावर मला पुढं जागा मिळाली. "काय बाय मन हाय हिचा," असं त्याच बायका म्हणाल्या. आणि मी काय करावं? मान खाली घातली. लाजून. ती माझी नम्र मान आठवली की अजून त्या पोरीच्या एक ठेवून द्यावीशी वाटते.

दोन दिवस मी दूध दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू मेलं. त्याच दिवशी जंगलखात्याची माणसं आली.

त्यांना झुडपात बाटली सापडली. करवंदीच्या जाळीत ते शेळीच्या सांगाड्यापर्यंत पोचले आणि सगळ्या गावाला गोळा करून त्यातल्या मोठ्या साहेबानं विचारलं, "या फांद्या कुणी टाकल्या?"

"मी," बाबा म्हणाले.

"कशाला?"

"वाघासाठी."

साहेब आपल्या माणसांकडे बघून हसला. बाबांना कळेना हा हसला का. त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

मी दहा पावलांवर लेकीला कडेवर घेऊन उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य मी तोंडात तयारसुद्धा केलं. तेवढ्यात सासूबाईंनी माझा दंड असा चिमटला की महिनाभर काळानिळा होता. घरी आल्यावर दार लावून म्हणाल्या, "वळचणीची बाटली कुठं गेली ते मी इचारलं नाय. इचारणार पण नाय. तुझं पोर लहान हाय. गप ऱ्हायचं."

सगळं सासूवर ढकलायची ही नामी संधी आहे, आणि त्यांनी मला ज्या चुली फुंकायला लावल्या त्या बघता मी ती घ्यायलाही हरकत नाही. पण चिमटा एका दिवसाचा होता. पुढचे सगळे दिवस माझे होते.

बाबांना त्याच दिवशी धरून नेलं आणि काही दिवसांनी सोडलं. पुरावा नव्हता. पण गावाला पुरावा लागत नाही. "वाघोबाची सेवा करतो आणि त्यालाच औषध घालतो," असं एकानं म्हटलं, मग दुसऱ्यानं. एकेक घर आपली गुरं आपणच नेऊ लागलं. आमची शेळी तर मी कुठल्या तोंडानं त्यांच्याकडे देणार? मीही घरीच बांधली. लोकांना वाटलं, बघा, तिचासुद्धा विश्वास उडाला. माझ्या त्या शेळीचं घरी राहणं बाबांविरुद्धची साक्ष झालं.

पुढच्या वाघबारशीला बाबा आले नाहीत. सासूबाईंनी मला पुढं केलं, कारण वर्षातलं नुकसान माझ्या शेळीचं. मी दगडासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "आमची एक शेळी गेली. दोन करडं झाली." त्या वर्षी सगळ्यात मोठा नारळ माझा होता. बदलापूरच्या बाजारात पाच नारळ कानाशी हलवून निवडलेला. शेजारीण म्हणाली, "सुधारली बाय." शेळी सोडून जे गेलं होतं, वाघीण, दोन पिल्लं, एका माणसाचं नाव, त्याचा हिशेब त्या सभेत कुणी मागितला नाही.

बाबांचं कुटुंब त्याच हिवाळ्यात वीटभट्टीवर कामाला गेलं. गुरं राखणारा माणूस मातीचे गोळे थापत बसला. काही वर्षांनी तिकडेच गेले.

मी पुढं बदलापुरात आले. आता पश्चिमेला हेंद्रेपाड्यात लेकाकडे तिसऱ्या मजल्यावर असते. गुडघे चालू देतात त्या सोमवारी अंबरनाथला शिवमंदिरात जाते. तिथं बाहेर एक ठाकरीण बेल विकायला बसते. बाबांची मुलगी. पहिल्यांदा तिनंच मला ओळखलं. "काकी, तुमी दूध दिलेला ना? आमचा बा मरेपर्यंत सांगायचा. कुणी नाय दिला, त्या सुनेनं दिला." तेव्हापासून दर वेळी माझ्या पिशवीत बेलाची एक जुडी जास्तीची पडते. मी नको नको म्हणते आणि घेते. महादेवाच्या डोक्यावर मी वर्षानुवर्षं तो बेल वाहिला. महादेवाला काय वाटलं असेल ते असो, मला मंदिरातून बाहेर येताना तिच्याकडे बघवायचं नाही.

असंच चाललं असतं. पण या वर्षी गणपती जाऊन आठवडा झाला असेल, आमच्या बिल्डिंगच्या मागच्या तबेल्यातलं एक पारडू बिबट्यानं नेलं. कॅमेऱ्यात दिसला, भिंतीवरून शेपूट लोंबकळत गेलेला. संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग. तबेलेवालाही आला. माणूस धिप्पाड, पण डोळे लाल झालेले. पारड्याची आई व्याल्यावर मेली होती, त्यानं बाटलीनं पाजून वाढवलेलं.

पहिल्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "बट ते आधीपासून इथं राहतायत. आपण त्यांच्या जागेत आलोय."

"तुमचं बरोबर आहे मॅडम," तबेलेवाला म्हणाला. "फक्त तुमच्याकडे पारडू नाहीये."

जे त्या मुलीनं म्हटलं ते खरंच आहे, आणि जे त्यानं म्हटलं तेही. ज्याचं जनावर जातं त्याचं काय होतं ते मला ठाऊक आहे. ती दोरी हातात घेऊन मीही रडले होते, बायका हसायच्या आधी. उद्या एखाद्या बिबट्यानं पोर उचललं तर त्याचं काय करायचं, हे मला कुणी विचारू नये.

"फॉरेस्टवाले पकड़ के फिर यहीं छोड़ेंगे," कुणीतरी म्हणालं.

"मी बघतो," तबेलेवाला खाली बघत म्हणाला. "नाल्यापाशी अर्धं पारडू पडलंय. तो परत येणार. औषध टाकतो, किस्सा खतम."

कुणी हो म्हणालं नाही, पण नाहीही म्हणालं नाही. सेक्रेटरी माझ्याकडे वळला. "आजी, तुम्ही गावच्या. गावात काय करतात?"

चाळीसेक डोळे माझ्याकडे. माझ्या तोंडात पुन्हा एक वाक्य तयार झालं. आणि मी काय बोलले? "नको रे बाबा. तुझीच कुत्री मरतील."

तबेलेवाल्याची बायको लगेच म्हणाली, "म्हातारी बरोबर बोलतेय. आपली तीन कुत्री तिकडंच फिरतात." त्यानं औषध टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी फॉरेस्टवाले येऊन पंचनामा करून गेले, त्यानं तबेल्याला जाळी मारली. आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर माझा फोटो आला, खाली लिहिलेलं: 'आमच्या आजींचं शहाणपण', त्यापुढं हात जोडलेल्या चित्रांची रांग. सुनेनं कौतुकानं दाखवला. मी तो फोटो बघितला आणि मला तोच तांब्या आठवला. पुन्हा एकदा मी वाघाच्या नावावर शाबासकी मिळवली होती. या खेपेला तर दूधसुद्धा द्यावं लागलं नव्हतं.

सोमवारी मी रिक्षा करून शिवमंदिरात गेले. बेलवाली तीन-तीन पानं निवडत बसली होती. तिनं हसून माझ्या पिशवीत दोन जुड्या घातल्या, एक विकतची, एक तिची. मी खाली तिच्याशेजारी फरशीवर बसले. बसायलाच मला दोन मिनिटं लागली.

"काय झालं काकी? चक्कर येते का?"

मी सांगितलं. पत्रापासून बाटलीपर्यंत सगळं. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, तिनं त्यांना बेल दिला, सुट्टे दिले, आणि परत माझ्याकडे कान केला. माझं संपल्यावर तिनं माझ्या पिशवीत हात घातला, आपली ती जास्तीची जुडी काढून घेतली आणि टोपलीत ठेवून तिच्यावर पाणी शिंपडलं.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "मी कधी माझ्या बाला खोटा म्हटला? ज्यांनी म्हटला त्यांना सांगा. बारस येते आता."

"दगडापाशी अजून कुणी येतं?"

"येतात. मी जाते दरवर्षी. मागं उभी ऱ्हाते."

मला तिनं माफ केलं नाही आणि मी माफी मागितलीही नाही. मागायचं ठरवून गेले होते. तिचा हात पिशवीतून बाहेर येताना बघितला आणि ते शब्द गिळले.

वाघबारशीला लेकानं गाडीनं नेलं. त्याला वाटलं, आईला म्हातारपणी देव आठवलाय. गाव मला ओळखू येईना. वाटेच्या दोन्ही बाजूंना फार्महाऊसच्या भिंती. दगडाला फरशा बसवल्यात, वर पत्र्याचं छप्पर. वीस-पंचवीस माणसं असतील. निम्म्यांच्या घरी आता गुरंच नाहीत, तरी आलेली. ज्यांच्याकडे आहेत ते उभे राहून सांगत होते: "आमची म्हैस व्याली." "आमचं एक करडू गेलं, पण कुत्र्यांनी नेलं, वाघाचा काय दोष नाय." लोक हसले. पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. बेलवाली सगळ्यांच्या मागं, पदर खोचून उभी.

मी पुढं झाले. लोकांना वाटलं, जुनी सून आलीय, नारळ देऊन जाईल. मी बोलले. आयुष्यभर टोमणे मारून कमावलेला माझा आवाज त्या वेळी कुठं गेला कोण जाणे. पुढच्या दोघातिघांनाच ऐकू गेलं असेल. त्यांचे चेहरे बदलले.

पाठीमागून माझ्याच वयाची एक बहिरी म्हातारी ओरडली, "काय म्हणली ती? मोठ्यानं बोल गो! आमाला नाय ऐकू आला."

लेकानं हातातली गाडीची किल्ली घट्ट धरली होती. "आई, चल," तो हळूच म्हणाला. "झालं ना सांगून."

झालं नव्हतं. मी छपराच्या खांबाला धरून वळले, दगडाकडे पाठ करून लोकांकडे तोंड केलं आणि छातीत होता तेवढा श्वास घेऊन ओरडले, "ती वाघीण मी मारली! औषध मी घातलं. बाबांनी नाही. बाबांनी नुसत्या फांद्या टाकल्या होत्या, तिला पोटभर खाता यावं म्हणून."

"मग तवा का नाय बोललीस?" म्हातारी तिथूनच.

"भ्याले," मी म्हणाले. आणि मग खरं तेच, "आणि लोक मला चांगलं म्हणत होते, ते बरं वाटत होतं."

कुणी हसलं नाही. मला लोकांनी हसायला हवं होतं. एका माणसानं मोबाईल खाली केला. मी मान वर करून मागं बघितलं. बाबांची मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. ती एकेका माणसाच्या तोंडाकडे बघत होती, नीट, सावकाश, ज्यांचे बाप तेव्हा बाबांच्या कळपातून गुरं सोडवून घेऊन गेले होते त्यांच्याकडे जरा जास्त वेळ, कुणी ऐकायचं राहिलं तर नाही ना ते बघत.